शिडीवरचा प्रवासी

ऑक्टोबर उजाडला की आल्प्समधील शामोनी हे गाव आवरासावर करू लागते. उन्हाळ्यातील गिर्यारोहकांची वर्दळ संपलेली असते, डोंगरावरील कुरणांतून गुरे खाली आलेली असतात आणि वाटाडे हिवाळ्यापूर्वीच्या घरकामांना लागलेले असतात. १८८८ सालच्या ऑक्टोबरात मात्र या गावातून एक विलक्षण मिरवणूक डोंगराकडे निघाली. पुढे वाटाडे, मागे सामान वाहणारे गडी आणि मध्ये खांद्यांवर तोललेली एक लांब शिडी. त्या शिडीच्या मधोमध बसवलेल्या आसनावर चौसष्ट वर्षांचे एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसले होते. त्यांचा एक पाय लहानपणापासून अधू होता. सपाट रस्त्यावरही ते लंगडत चालत. त्यांना गाठायचे होते ते माँ ब्लाँच्या हिमनदीपलीकडील, ३०५० मीटर उंचीवरचे ग्रां म्युले हे खडकाळ ठिकाण आणि तिथली लाकडी झोपडी.

हे गृहस्थ म्हणजे प्येअर ज्यूल सेझार जान्सेन. फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य, पॅरिसजवळील म्यूदाँ वेधशाळेचे संस्थापक संचालक आणि सूर्याच्या अभ्यासातील त्या काळचे एक अग्रगण्य नाव. हेलियमच्या शोधाच्या संदर्भात त्यांचे नाव आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतही येते. परंतु उतारवयात हा माणूस बर्फातल्या झोपडीत मुक्कामाला का गेला, ही कथा फारशी सांगितली जात नाही.

जान्सेन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८२४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील संगीतकार होते. बालपणी झालेल्या अपघाताने ज्यूलचा पाय कायमचा अधू झाला आणि इतर मुलांसारखे शाळेत जाणे त्याला जमले नाही. पुढे घरची परिस्थिती खालावल्यामुळे त्याला तरुण वयातच बँकेत नोकरी धरावी लागली. शिक्षणाची ओढ मात्र सुटली नव्हती. नोकरी सांभाळत गणित आणि भौतिकशास्त्राचा अभ्यास करून जान्सेन यांनी विद्यापीठाची पदवी मिळवली, काही काळ शिक्षकी केली आणि १८६० मध्ये डॉक्टरेटही संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, डोळ्यातील निरनिराळ्या द्रवांत उष्णतेचे किरण कसे शोषले जातात. प्रकाश एखाद्या पदार्थातून जाताना त्याचे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मागे लागला तो कायमचाच.

पायाचे अधूपण आणि प्रवासाची हौस यांचा मेळ कसा बसावा? जान्सेन यांनी तो प्रश्न स्वतःला कधी पडूच दिला नसावा. १८५७ मध्ये ते पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताचा वेध घेण्यासाठी पेरूला गेले. तिथल्या जंगलातील तापाने त्यांना असे गाठले की मोहीम अर्धवट टाकून परतावे लागले. एवढ्याने एखादा घरी बसला असता. जान्सेन यांच्या बाबतीत ही नुसती सुरुवात ठरली.

१८५९-६० च्या सुमारास किर्खहोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी युरोपातील विज्ञानजगताला एक नवी किल्ली मिळवून दिली. सूर्यप्रकाश लोलकातून पसरवला की जो रंगीत वर्णपट दिसतो, त्यात असंख्य काळ्या रेषा असतात. या रेषा म्हणजे निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या सह्याच होत, हे त्यांनी दाखवून दिले. सूर्यात लोह आहे, सोडियम आहे, हे कोट्यवधी किलोमीटरवरून सांगता येऊ लागले. पण यात एक मेख होती. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येतो तो पृथ्वीच्या हवेतून गाळून. मग वर्णपटातील अमुक रेषा सूर्याची की आपल्या हवेची, हे ठरवायचे कसे? सूर्य क्षितिजावर असताना त्याच्या किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो आणि त्या वेळी काही रेषा अधिक ठळक होतात, हे आधीच लक्षात आले होते. जान्सेन यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि घरीच थाटलेल्या छोट्या वेधशाळेत वर्णपटदर्शक लावून रेषांची छाननी सुरू केली. त्यांना असे आढळले की ज्या पट्ट्यांविषयी शंका होती ते अनेक बारीक रेषांचे बनलेले आहेत आणि त्या दिवसभर कमीअधिक गडद होत राहतात.

पुरावा हवा तर हवेचा थर पातळ करून पाहायला हवा, म्हणजेच डोंगरावर जायला हवे. १८६४ मध्ये जान्सेन स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न या शिखरावर गेले. सुमारे २६८० मीटर उंचीच्या या माथ्यावर तेव्हाही प्रवाशांसाठी एक निवासगृह होते. तिथे मुक्काम करून त्यांनी पाहिले तेव्हा संशयित रेषा खालच्यापेक्षा फिकट झालेल्या होत्या. मग खाली उतरून त्यांनी नेमका उलटा प्रयोग केला. जिनिव्हा सरोवराच्या काठी न्यों येथे पाइनच्या लाकडांची भलीमोठी होळी पेटवण्यात आली आणि जान्सेन यांनी सुमारे २१ किलोमीटर दूर जिनिव्हातून त्या ज्वाळांचा वर्णपट न्याहाळला. जवळून पाहिले तर या आगीच्या प्रकाशात काळ्या रेषा नव्हत्या. एवढी हवा ओलांडून आल्यावर त्या उमटल्या! सूर्याचा इथे काहीच संबंध नव्हता, रेषा हवेच्याच होत्या. पुढे १८६६ मध्ये पॅरिसच्या गॅस कारखान्यात ३७ मीटर लांबीच्या नळीत वाफ भरून त्यांनी यांतील अनेक रेषा पाण्याच्या वाफेच्या असल्याचेही सिद्ध केले. डोंगरावर जाऊन हवा कमी करायची आणि खाली येऊन हवा वाढवायची, ही त्यांची रीत चोवीस वर्षांनी पुन्हा कामी येणार होती.

मधल्या काळात जान्सेन यांना कीर्ती मिळाली ती भारतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते आंध्रातील गुंटूरला आले आणि एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी त्यांनी आपली दुर्बीण उभारली. ग्रहणात सूर्याच्या कडेला ज्या तांबूस ज्वाला दिसतात, त्या मुख्यतः तप्त हायड्रोजन वायूच्या असल्याचे त्यांच्या वर्णपटदर्शकाने दाखवले. त्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, लख्ख उन्हात त्यांनी त्या पाहून दाखवल्या. ग्रहणाच्या काही मिनिटांसाठी जगभर धावण्याची गरज त्या सकाळी बरीचशी संपली. गंमत अशी की जान्सेन मात्र त्यानंतरही आयुष्यभर ग्रहणांमागे धावतच राहिले. त्यांचे पत्र पॅरिसला पोहोचेपर्यंत ऑक्टोबर उलटत आला होता. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनीही २० ऑक्टोबरला हीच रीत स्वतंत्रपणे साधली होती आणि दोघांचे अहवाल अकादमीसमोर एकाच दिवशी आले. भांडण होण्याऐवजी मैत्री झाली, हे त्या दोघांनाही भूषणावह. १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने दोघांच्या प्रतिमा असलेले पदकही काढले. याच निरीक्षणांत दिसलेली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषेशी जुळत नव्हती. लॉकियर यांनी तिचा पाठपुरावा केला आणि त्यातून पुढे हेलियम हे नाव आले. पृथ्वीवर हा वायू सापडला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे यांना.

इथे महाराष्ट्रातील एका समजुतीचा उल्लेख करायला हवा. विजयदुर्ग किल्ल्यावरील 'साहेबाचे ओटे' लॉकियर यांनी १८६८ च्या ग्रहणासाठी बांधले आणि हेलियम तिथूनच दिसला, असे कोकणात अभिमानाने सांगितले जाते. प्रत्यक्षात १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडातच होते. ते विजयदुर्गला आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे हेलियम पृथ्वीवर सापडल्यानंतर. १८६८ च्या ग्रहणाचा मराठी मुलखाशी खरा संबंध शोधायचा तर तो पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात सापडतो. विख्यात खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी ते ग्रहण तिथून पाहिले होते. विजयदुर्गचे मोल यामुळे कमी होत नाही, पण इतिहासाचे वर्ष मात्र तीस वर्षांनी पुढे सरकते.

गुंटूरहून जान्सेन सिमल्याला गेले आणि हिमालयाच्या हवेतून सूर्य पाहत राहिले. दोन वर्षांनी आणखी एक ग्रहण आले, अल्जीरियात २२ डिसेंबर १८७० रोजी. त्या वेळी पॅरिसला प्रशियाच्या फौजांचा वेढा पडलेला होता. जान्सेन यांनी त्यावर काढलेला तोडगा त्यांच्या स्वभावाला साजेसाच होता. २ डिसेंबरच्या पहाटे 'व्होल्टा' नावाच्या बलूनमध्ये आपली उपकरणे ठेवून, सोबत एका खलाशाला घेऊन, त्यांनी वेढ्यावरून उड्डाण केले आणि काही तासांनी पश्चिम फ्रान्समध्ये, अटलांटिक किनाऱ्याच्या अलीकडे, ते सुखरूप उतरले. तिथून ओरानला पोहोचले. ग्रहणाच्या वेळी आकाशात ढग होते. दिसले काहीच नाही.

पुढील वर्षी निलगिरीत त्यांना स्वच्छ आकाश लाभले. १८७४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण टिपण्यासाठी ते जपानमधील नागासाकीला गेले, तेव्हा एकापाठोपाठ एक छायाचित्रे घेणारे पिस्तुलासारखे एक यंत्र त्यांनी करवून घेतले होते. चलच्चित्रपटाच्या पूर्वजांत त्याची गणना होते. नंतर सयाम झाले, प्रशांत महासागरातील बेटे झाली. १८७६ मध्ये सरकारने म्यूदाँ येथील जुन्या, जळालेल्या राजवाड्याची जागा त्यांना वेधशाळेसाठी दिली आणि जान्सेन यांचा संसार त्या टेकडीवर स्थिरावला. इथेच घेतलेली सूर्याच्या पृष्ठभागाची छायाचित्रे दीर्घकाळ नमुनेदार मानली जात होती.

आणि इथेच तो जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढू लागला. या वेळी तो ऑक्सिजनच्या रूपात आला. १८७७ मध्ये अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी सूर्यात ऑक्सिजन असल्याचा दावा केला होता. सूर्याच्या वर्णपटात ऑक्सिजनच्या ठळक रेषा दिसतात, यात वाद नव्हता. वाद होता तो रेषांच्या मालकीचा. पृथ्वीच्या हवेचा पाचवा हिस्सा ऑक्सिजन असल्याने त्या रेषा तिच्याच असू शकतात. जान्सेन यांनी म्यूदाँच्या जुन्या तबेल्यांत लांबच लांब नळ्या मांडल्या, त्यांत दाबाखाली ऑक्सिजन भरला आणि त्यातून प्रकाश सोडून पाहिला. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागली. ऑक्सिजनच्या बारीक रेषांखेरीज काही पसरट काळे पट्टेही उमटतात आणि त्यांची तीव्रता वायूच्या घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घनता दुप्पट, तर पट्टा चौपट गडद. याचा अर्थ असा की डोंगरावर जसजसे वर जावे तसतसे हे पट्टे झपाट्याने विरायला हवेत आणि रेषाही फिकट व्हायला हव्यात. त्या तशा झाल्या तर त्या हवेच्या. वर जाऊनही काही तसेच शिल्लक राहिले तर ते सूर्याचे.

म्हणून माँ ब्लाँ. आल्प्समधील या सर्वोच्च पर्वतावर बर्फ असल्याने हवा कोरडी असते, पाण्याच्या वाफेच्या रेषांचा गोंधळ कमी होतो. ऑक्टोबरातील थंडीत तर ती आणखीच कोरडी. हवामानाची जोखीम वाढते, पण निरीक्षण निर्मळ मिळते, हा जान्सेन यांचा हिशेब होता. एखाद्या तरुण सहायकाला वर पाठवून म्यूदाँत अहवालाची वाट पाहणे त्यांना सहज शक्य होते. परंतु फिकट होत जाणाऱ्या रेषांचा निवाडा नजरेने करायचा असतो, आणि ती नजर चोवीस वर्षे या कामात मुरलेली होती. दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबण्याची त्यांची तयारी नव्हती. पायांसाठी मात्र इतरांवर विसंबावे लागणार होते, आणि त्यांनी ते निःसंकोच मान्य केले.

वाहनाची कल्पना त्यांचीच होती. आपल्याकडील गडांवर वा हिमालयातील यात्रांत दिसणारी डोली तिथे चालली नसती. डोलीला अनेकदा शेजारी शेजारी चालणारे भोई लागतात, आणि हिमनदीवरील वाट कित्येक ठिकाणी एका माणसाच्या पावलापुरतीच असते. लांब शिडी घेतली आणि प्रवाशाला मधल्या पायऱ्यांच्या जागी बसवले, की तिला वाहणारे सगळे एकापुढे एक चालू शकतात. अरुंद कडेवर ओझे दोन्हीकडे झुकत नाही. एखाद्याचा पाय घसरला तरी बाकीचे तोल सावरतात. साधीच युक्ती, पण तिच्यावाचून ही चढाई झाली नसती.

शामोनी १०३५ मीटरवर आहे. म्हणजे झोपडीपर्यंत दोन हजार मीटरची सरळ चढण. पहिला टप्पा पाइनच्या जंगलातून वळणे घेत जातो, इथवर खेचरेही चालतात. झाडी संपली की दगडधोंड्यांचा उतार लागतो, वरून दरड कोसळण्याची भीती असल्याने तिथे कोणी रेंगाळत नाही. मग एकाएकी समोर बोसाँ हिमनदी येते. खालून पांढऱ्या चादरीसारखी दिसणारी ही नदी जवळून पाहिली तर चिरफाळलेली असते. बर्फाच्या निळसर भिंती, त्यांमधून खोल गेलेल्या भेगा आणि त्या भेगांवर कधी हिमाचे नैसर्गिक पूल, तर कधी वाटाड्यांनी टाकलेल्या शिड्या. सर्वांत बिकट जागा म्हणजे बोसाँ आणि ताकोना या दोन हिमनद्या जिथे वेगळ्या होतात तो भाग. खालच्या खडकाच्या दुभंगामुळे तिथे बर्फाचा अक्षरशः चुरा झालेला असतो. धडधाकट गिर्यारोहकही दोराला बांधून घेऊन, कुऱ्हाडीने पायऱ्या खोदत ती जागा ओलांडतो. ऑक्टोबरात ताज्या हिमाने भेगांची तोंडे झाकलेली असल्याने पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येक ठिकाण काठीने चाचपावे लागते. अशा वाटेवर खांद्यावर शिडी आणि शिडीवर माणूस!

वर बसलेल्या माणसाची स्थितीही सुखाची नव्हती. चालणाऱ्याला निदान चालण्याने ऊब येते. बसून राहणाऱ्याचे हातपाय गारठतात, आणि भेगेवरून जाताना खाली पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काहीच नसते. आपल्या जिवाची दोरी पूर्णपणे इतरांच्या पावलांत आहे, हे ठाऊक असूनही तो शांत बसला पाहिजे, कारण त्याच्या हालचालीने इतरांचा तोल जाईल. जान्सेन यांचे धैर्य या स्वस्थ बसण्यात होते असे म्हटले तर ते चुकीचे ठरू नये. ज्यांच्या खांद्यांवर ते बसले होते, त्या शामोनीकरांचे धैर्य मात्र कोणत्याही मोजमापाने त्यांच्याहून कमी नव्हते. विज्ञानाच्या इतिहासाने त्यांची नोंद बहुधा 'वाटाडे आणि हमाल' एवढ्या शब्दांतच आटोपली आहे.

ग्रां म्युले या नावाचा शब्दशः अर्थ मोठी खेचरे. चहूकडच्या बर्फातून डोके वर काढलेल्या काळ्या खडकांची ती रांग आहे. १८५३ मध्ये शामोनीच्या वाटाड्यांनी तिथे पहिली झोपडी बांधली, पुढे तिच्या जागी जरा मोठी इमारत आली. माँ ब्लाँच्या शिखरावर जाणारे त्या काळी इथे रात्रीपुरते थांबत. सायंकाळी पोहोचायचे, गरम काहीतरी पोटात टाकायचे, बुटांसकट आडवे व्हायचे आणि हिम कडक असतानाच मध्यरात्रीनंतर कंदील घेऊन निघायचे, हा तिथला शिरस्ता. जान्सेन यांचा क्रम अगदी उलटा होता. शिखराशी त्यांना या वेळी कर्तव्य नव्हते. त्यांना हवा होता वर आलेला सूर्य आणि स्वच्छ आकाश. रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत झोपडीत मुक्काम करायचा आणि दिवस उगवला की वर्णपटदर्शक सूर्याकडे लावायचा.

या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के उरतो. वर्णपटदर्शकातून पाहिले तेव्हा ऑक्सिजनचे पसरट पट्टे मावळलेले होते आणि रेषा स्पष्टपणे फिकट झाल्या होत्या. नळीतल्या प्रयोगांनी जे भाकीत केले होते, तेच डोंगराने सांगितले. या रेषा सूर्याच्या नव्हत्या.

परतल्यावर जान्सेन यांनी न्योंच्या होळीचीच पुनरावृत्ती केली, पण या वेळी साधन नवे होते. १८८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी आयफेल टॉवर उभा राहिला. त्याच्या माथ्यावरील विजेचा झोत म्यूदाँहून सुमारे साडेसात किलोमीटरवरून दिसत असे. योगायोग असा की सूर्य डोक्यावर असताना त्याच्या किरणांना जेवढी हवा ओलांडावी लागते, जवळजवळ तेवढीच हवा या दोन ठिकाणांच्या दरम्यान होती. टॉवरच्या दिव्यात ऑक्सिजनच्या रेषा दिसल्या, अगदी सूर्यप्रकाशात दिसाव्यात तशा. वादाचा निकाल बहुतांशी इथेच लागला.

तरीही जान्सेन यांचे समाधान होईना. तीन हजार मीटरवर रेषा फिकट होतात, तर त्याहून वर काय होईल? १८९० च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ते पुन्हा शामोनीला आले. या वेळी शिडीऐवजी बर्फावरची घसरगाडी होती आणि ती ओढायला डझनाहून अधिक माणसे. पहिली रात्र ओळखीच्या ग्रां म्युलेत गेली. त्यापुढचा निवारा नवा होता. जोसेफ व्हालो या धनाढ्य संशोधकाने त्याच वर्षी शिखराखालच्या खडकांवर, सुमारे ४३५० मीटरवर, स्वखर्चाने वेधशाळा आणि झोपडी बांधली होती. तिथे पोहोचल्यावर वादळाने सर्वांना कोंडून घातले. ते शमल्यावर उंटाच्या मदारीसारख्या दोन अरुंद हिमधारांवरून घसरगाडी वर ओढली गेली आणि जान्सेन आल्प्सच्या माथ्यावर पोहोचले.

या चढाईतून त्यांनी काढलेला एक निष्कर्ष वाचकाला आज थोडा गमतीचा वाटेल. इतक्या उंचीवर भल्याभल्यांना मळमळ, डोकेदुखी, सुस्ती जडते. जान्सेन यांना त्यातले काही झाले नाही, त्यांची बुद्धी तरतरीत राहिली. विरळ हवेचा त्रास शरीराच्या कष्टांमुळे होतो, म्हणून ज्याला वर जाऊन विचार करायचा आहे त्याने चालण्याचे कष्ट टाळावेत, असे प्रतिपादन त्यांनी केले. आपल्या व्यंगाचे त्यांनी शास्त्रीय सोयीत रूपांतर केले होते! त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, पण पूर्ण सत्य नव्हते. पुढच्याच वर्षी व्हालोंच्या झोपडीत डॉ. जाकोते या वैद्याचा फुप्फुसांच्या विकाराने मृत्यू झाला. उंचीमुळे फुप्फुसांत पाणी साठून येणाऱ्या मरणाची ती आरंभीची नोंद मानली जाते.

माथ्यावर उभे राहिल्यावर जान्सेन यांच्या मनात वेधशाळेचा विचार पक्का झाला. व्हालोंची वेधशाळा खडकावर होती, शिखराच्या बरीच खाली. जान्सेन यांना ती नेमकी शिखरावर हवी होती. देणगीदार मिळाले, गुस्ताव आयफेल यांनीही साथ दिली. आयफेल यांची अट एकच होती, पायासाठी खडक सापडला पाहिजे. १८९१ मध्ये स्विस अभियंता इमफेल्ड यांच्या देखरेखीखाली शिखराखाली बर्फात बोगदा खणला गेला. खडक लागला नाही. त्या बर्फात सापडले ते सुक्या आलुबुखाराचे एक बी, कुणा जुन्या गिर्यारोहकाच्या न्याहारीतले, असे सांगतात. आयफेल बाजूला झाले.

जान्सेन झाले नाहीत. खडक नसेल तर बर्फावरच बांधू, असे त्यांनी ठरवले. म्यूदाँत बर्फाचा ढीग रचून, तो चोपून, त्यावर शिशाच्या जड चकत्यांचा ढिगारा ठेवून त्यांनी पाहिले. तो अगदी थोडा रुतला. त्या आधारावर म्यूदाँत एक लाकडी इमारत तयार झाली. दुमजली, वर निमुळती होणारी, तळाशी १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. ती सुटी करून शामोनीला आणण्यात आली आणि तुकड्या-तुकड्यांनी, माणसांच्या पाठीवरून, ४८०० मीटरवर नेण्यात आली. खालचा मजला बर्फात पुरला होता. इमारत कललीच तर तळाचे स्क्रू फिरवून ती सरळ करता येईल, अशी योजनाही होती.

१८९३ च्या सप्टेंबरात एकोणसत्तर वर्षांचे जान्सेन ती पाहायला निघाले. चढ जिथे फार उभा होता तिथे बर्फात रहाट रोवून, विहिरीतून पोहरा ओढावा तशी त्यांची घसरगाडी दोराने वर ओढण्यात आली. ग्रां म्युलेत मुक्काम, व्हालोंच्या खडकांवर मुक्काम आणि मग स्वतःच्या वेधशाळेत. काही दिवस तिथे राहून त्यांनी ऑक्सिजनच्या रेषा शेवटच्या तपासल्या. निकाल तोच आला.

आजच्या ज्ञानाने पाहता हा निकाल अर्धा बरोबर होता. ज्या रेषा जान्सेन यांनी तीस वर्षे पारखल्या त्या हवेतील ऑक्सिजनच्या रेणूंच्याच होत्या, ही गोष्ट निर्विवाद ठरली. पण त्यावरून सूर्यात ऑक्सिजनच नाही, असा जो अर्थ निघत होता तो टिकला नाही. सूर्याच्या उष्णतेत ऑक्सिजन अणूंच्या रूपात असतो, आणि त्याच्या रेषा वर्णपटात अन्यत्र पडतात. १८९० च्या दशकातच त्यांची ओळख पटली. हायड्रोजन आणि हेलियमनंतर सूर्यात सर्वाधिक प्रमाण ऑक्सिजनचेच आहे. जान्सेन यांनी प्रश्न अचूक विचारला होता, पण दरवाजा शेजारच्या घराचा ठोठावला होता.

शिखरावरील वेधशाळेचे दुर्दैव मात्र वेगळ्याच कारणाने ओढवले. शिशाच्या चकत्यांनी म्यूदाँत जे सांगितले ते दिवसांपुरते खरे होते. हिम वर्षानुवर्षे स्थिर राहत नाही. माथ्यावरचे हिमही दाबले जाते, सरकते, खाली वाहते. इमारत हळूहळू कलली आणि रुतू लागली. स्क्रूंनी सरळ करण्याचे प्रयत्न झाले, तरुण संशोधक तिथे जाऊन काही वर्षे निरीक्षणेही करत राहिले. जान्सेन म्यूदाँत सूर्याच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह सिद्ध करण्यात गुंतले होते, तो १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. २३ डिसेंबर १९०७ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, म्यूदाँतच त्यांचे निधन झाले.

दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, बर्फात बुडू लागलेली ती वेधशाळा मोडून काढण्यात आली. व्हालोंनी खडकावर बांधलेली वेधशाळा टिकली, आणि दोघांमधील जागेचा वाद काळाने व्हालोंच्या बाजूने सोडवला. ग्रां म्युलेच्या खडकांवर विसाव्या शतकात नवी इमारत आली. माथ्यावरील वेधशाळेचा छोटा मनोरा तेवढा खाली शामोनीला आणून जपून ठेवण्यात आला. तो खाली आला तोही माणसांच्या खांद्यांवरूनच.